रविवारची कात्री

दादा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुला तो आवडला नसता. नांदेडच्या तुझ्या गल्लीत मांडव टाकला होता, खुर्च्या भाड्याच्या होत्या आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचे खोके आले होते. तू असतास तर आधी खुर्च्या परत पाठवल्या असत्यास. "सतरंज्या काय झोपल्या व्हत्या का घरात?" हे तुझं वाक्य मला मांडवात शिरतानाच ऐकू आलं आणि मी चक्क हसलो. लोकांना वाटलं, भाऊ गेल्यानं धाकट्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. वहिनीला मात्र कळलं. तिनंही पदर तोंडाला लावला, आणि तो रडण्यासाठी लावलेला नव्हता.

भाषणं झाली. एसटीच्या वर्कशॉपमधले तुझे जुने सोबती बोलले, विहाराचे अध्यक्ष बोलले. सगळ्यांनी तुझा साधेपणा, तुझं समाधान, तुझी श्रद्धा यांचं तोंड भरून कौतुक केलं. मी ऐकत होतो. तू केस किती भयंकर कापायचास, हे मात्र एकानंही सांगितलं नाही. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून गप्प बसले असतील. मी तुझा सख्खा भाऊ आहे, मला ती सूट आहे.

रविवारी सकाळची वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर तुझं लाकडी स्टूल यायचं. वहिनीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा माणसाच्या गळ्याशी बांधायचास आणि "डोकं खाली, अजून खाली, हां, आता हलू नको" म्हणत कामाला लागायचास. गल्लीतले मजूर, रिटायर झालेले कारकून, भाजीच्या गाड्यावरचे शेजारी, सगळे रांगेत. फुकट होतं म्हणून यायचे असं मला आधी वाटायचं. पण बँकेतले ते जाधव साहेबही यायचे, त्यांना कशाची टंचाई होती? ते म्हणायचे, "केसांसाठी नाही हो येत, पंधरा मिनिटं शांत बसायला येतो." तुझ्या हातून उठलेला माणूस मात्र दोन गल्ल्या पलीकडूनही ओळखू यायचा. उजवा कान उघडा, डावा अर्धा झाकलेला. स्वतःचे केस तू दोन आरसे लावून स्वतःच कापायचास, आणि मागची बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसायची. मी हसलो तर म्हणायचास, "मागचं मला दिसत न्हाई. ज्याला दिसतंय त्यानं त्रास करून घ्यावा."

सगळंच तसं. दोन खोल्यांचं घर तू आणि वहिनीनं सुट्टीच्या दिवशी एकेक विटेनं उभं केलं. चपलेचा तळ झिजला की टायरचा तुकडा बसवायचास. अंघोळीचं पाणी मेथी-चुक्याच्या वाफ्यात. घड्याळ, शिलाई मशीन, शेजाऱ्याचा पंखा, काहीही बिघडलं की तुझ्या दारात. मी लातुरात गिझर घेतला, गाडी घेतली, दर वेळी तुला सांगायला यायचो आणि तू मनापासून खूश व्हायचास. मग मी म्हणायचो, दादा, तूही घे ना एखादी वस्तू. तू म्हणायचास, "मला काय कमी हाय?" हा प्रश्न तू इतक्या सरळ विचारायचास की मी खरोखरच खोलीत इकडेतिकडे बघून काय कमी आहे ते शोधायला लागायचो. काही सापडायचं नाही आणि मला तुझा राग यायचा.

त्या रागाबद्दलच बोलायचं आहे. तू होतास तेव्हा जमलं नाही.

सुरुवात तुला माहीत आहे. आपलं गाव अहमदपूरच्या पलीकडं. आबांनी बुद्धाची दीक्षा घेतली आणि गावकीची कामं सोडली, तेव्हापासून गाव आपल्या घरावर खुन्नस धरून होतं. मी दहा वर्षांचा असेन. तू मॅट्रिक पास झालेला, आणि नांदेडला आयटीआयच्या मुलाखतीला जायचं होतं. आपल्या वस्तीतले केस आपलेच म्हातारे कापायचे, कपडे कापायच्या कात्रीनं. तुला त्या दिवशी नीट कापलेले केस हवे होते. तू माझा हात धरून चिंचेखाली गेलास. तिथं गणपत वारीक बसायचा, गावाचे केस कापणारा. तुझ्याच वयाचा. त्याच्यासमोरचा दगड रिकामा होता. तू जाऊन बसलास.

गणपतनं तुझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला बसलेल्या लोकांकडे पाहिलं. मग त्यानं वस्तरा पुसला, कात्री धोकटीत टाकली, धोकटी गुंडाळली आणि तो उठून चालायला लागला. बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आता तुमी बुद्धाचे झालात न्हवं? मग तुमचे केस तुमीच कापा." सगळे हसले. तू उठलास, मांडीची धूळ झटकलीस आणि मला म्हणालास, "चल." मी रडत होतो. तू रडत नव्हतास. त्या गणपतची पाठ मला आजपर्यंत जशीच्या तशी आठवते.

पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. सगळं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला. पाटलाच्या वाड्यातल्या बायासुद्धा डोक्यावर पदर घेऊन गिट्टीच्या ढिगाऱ्याशी बसलेल्या होत्या. तू सुट्टीत आयटीआयमधून यायचास आणि हातोडी घेऊन कामावर जायचास. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. आणि त्याच दुष्काळात एका संध्याकाळी तू घरी आलास तो केस कापायचं एक जुनं मशीन घेऊन, आणि मला म्हणालास, "बस." पाच मिनिटांत माझं डोकं हलकं झालं. वाईट कापलेस, पण कापलेस. माय आरसा घेऊन धावत आली. आबांनी विचारलं, कुठं शिकलास रे? तू म्हणालास, "हातानं शिकिवलं."

ही गोष्ट मी आयुष्यभर लोकांना सांगितली. कॉलेजात सांगितली, ऑफिसात सांगितली, माझ्या मुलांना सांगितली. गावानं हाकललं, तर माझ्या भावानं कुणाच्या पायाशी न जाता स्वतःच कला शिकून घेतली आणि पुन्हा कुणापुढं मान वाकवली नाही. सांगताना माझी छाती फुगायची. तू समोर असलास तर नुसता हसायचास आणि विषय बदलायचास. मला वाटायचं, नम्रपणा.

मग लातूर जिल्हा झाला. कागदावर एका सहीसाठी उस्मानाबादला दिवस घालवायचे ते संपले. नव्या कार्यालयात मला कारकुनाची नोकरी लागली. तेव्हा तिथं टेबलं पुरेशी आली नव्हती, उस्मानाबादहून ट्रकनं आलेल्या फायली जमिनीवर रचलेल्या होत्या, पण मला तो राजवाडा वाटत होता. गंजगोलाईजवळ मी खोली घेतली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो आणि समोरच्या केसांच्या दुकानात शिरलो. फिरती खुर्ची, पुढं आरसा, मागं आरसा. त्या माणसानं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "बारीक का मध्यम?" एवढंच विचारलं. शेवटी मानेवर पावडर मारली. मी बाहेर आलो तेव्हा मला उडता आलं असतं.

आणि दुपारच्या एसटीनं तू आलास. पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं मशीन. सांगून आला नव्हतास, पण येणारच होतास, माझ्या प्रत्येक परीक्षेच्या आधी यायचास तसा. माझं डोकं बघून दारातच थांबलास. मग इंजिन तपासावं तसा माझ्याभोवती एक फेरी मारलीस, मानेवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "छान कापलेत." मशीन पुन्हा फडक्यात गुंडाळलंस.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस अंगावर जातो. तू काही म्हणाला नव्हतास, तरी मी सुरू झालो. "दादा, इथं दुकानात कुणी जात विचारत नाही. तुझ्या डोक्यातनं मात्र ते चिंचेचं झाड जात नाही. चप्पल स्वतः शिवणार, केस स्वतः कापणार, भिंत स्वतः बांधणार. लोक म्हणतात समाधानी माणूस. कसलं समाधान? तू तो अपमान जपून ठेवलायस आणि त्यालाच साधेपणा म्हणत आलास." शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हाच मला कळलं की तो परत घेता येणार नाही.

"तुला असं वाटून राहिलं व्हय?" एवढंच म्हणालास. मग जेवलास, तुझी थाळी धुतलीस, माझीही धुतलीस. सकाळी पहिल्या गाडीनं निघताना म्हणालास, "हापिसात टायमावर जात जा." त्यानंतर तू माझे केस कधी कापले नाहीस. विचारलंही नाहीस. घरातल्या प्रत्येकाला स्टुलावर बसवलंस, माझ्या दोन्ही मुलांचं बालपण त्या तिरक्या केसांत गेलं, पण माझ्याकडे कात्री वळली नाही.

आपण भांडलो वगैरे नाही. लग्नं झाली, बारशी झाली, तू आलास, मी आलो, एका ताटात जेवलो. पण चाळीस वर्षं माझ्या मनात एकच गोष्ट होती. मी म्हणालो ते खोटं असेल, तर मी माझ्या बापासारख्या भावाला विनाकारण जखम केली. आणि खरं असेल तर त्याहून वाईट, म्हणजे माझा भाऊ सगळं आयुष्य एका दगडावरून उठवला गेलेला मुलगा म्हणूनच जगला. यातलं कुठलं, हे तुला विचारायची हिंमत मला झाली नाही.

एकदा झाली होती जवळजवळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी. आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकरवरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. तू पाना आणि वायसरची पुडी घेऊन आलास, चार दिवस राहिलास आणि सगळ्या मजल्यांवरचे गळके नळ बसवलेस. माझ्या बायकोला अर्ध्या बादलीत अंघोळ, मग त्याच पाण्यात फरशी, मग तेच पाणी संडासाला, असा पूर्ण कोर्स दिलास. वर म्हणालास, "दुष्काळ मला नवा न्हाई, तुमालाच नवा हाय." सगळी बिल्डिंग रडकुंडीला आली होती आणि तू गच्चीत शीळ घालत पाइप जोडत होतास. मी तुझ्याजवळ उभा होतो. म्हणालो, "दादा, मी त्या वेळी जे बोललो..." तू म्हणालास, "तो सोलूशनचा डबा दे." मी डबा दिला. पुढं बोललो नाही. भेकड माणसाला निमित्त लागतं, तू मला ते दिलंस.

आता परवाचं सांगतो.

जेवणं आटोपली, खुर्च्या उचलायला माणूस आला, तरी मागच्या ओळीत एक म्हातारा बसूनच होता. पांढरं धोतर, काठी, डोळे गढूळ. मला हाक मारून म्हणाला, "धाकले तुमीच का?" मी हो म्हणालो. म्हणाला, "मी गणपत. गणपत वारीक."

दादा, खोटं बोलत नाही, माझ्या अंगात तीच दहाव्या वर्षीची आग उठली. तुझ्या फोटोसमोर हा माणूस कसा काय येऊ शकतो, असंच वाटलं. तरी घरी आलेला माणूस. कोरडेपणानं विचारलं, जेवलात का?

"जेवलो," तो म्हणाला. "तुमच्या भावाचा उस्ताद हाय मी. म्हणलं, शेवटच्या टायमाला यावं."

मी खाली बसलो. त्याला पुन्हा विचारलं, काय म्हणालात?

मग त्यानं सांगितलं. दुष्काळात बलुत्याचं धान्य बंद झालं तेव्हा तोही हातोडी घेऊन सडकेवर आला. तुम्ही दोघं एकाच टोळीत. वस्तरा धरणारे त्याचे हात, दोन दिवसांत फोडांनी भरले. "तुमच्या भावानं झाडाचं नाव काढलं न्हाई. माझी हातोडी घेतली, दांड्याला चिंधी बांधली आन् कशी धरायची ते दाखिवलं. मला जमिनीत जावं वाटलं. मग मीच म्हणलो, तुझे केस कापले तर गाव मला टाकल. पर तुला शिकिवलं तर कोणाला दिसून राहिलंय?"

रोज दुपारी, भाकरीच्या सुट्टीत, गिट्टीच्या ढिगाऱ्याआड तुमची शाळा भरायची. आणि तू शिकलास कुणाच्या डोक्यावर? त्याच्याच. गावाचा वारीक सगळा दुष्काळ वेड्यावाकड्या केसांनी फिरला. लोक विचारायचे, गणपत, तुझं डोकं कुणी खाल्लं? तो सांगायचा, आरसा फुटलाय. ते मशीनही त्याच्या बापाचं, स्प्रिंग गेलेलं. तू स्प्रिंग बसवलीस.

"मी बी त्याचे कापले तितं," म्हातारा म्हणाला. "झाडाखाली कापाया पाहिजे व्हते. ते ढिगाआड कापले." त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "माझं नाव कुठं घेऊ नको म्हणलं व्हतं. त्यानं घेतलं न्हाई. पुढं काळ बदलला, मीच म्हणलो, आता सांग की. तर म्हणाला, एकदा दिलेला शब्द हाय, ऱ्हाऊ दे. माझे हात थरथराया लागल्यावर माझे केस कापाया गावाकडं येत व्हता, दर दोन-तीन महिन्यांनी. त्याचा हात शेवटपर्यंत बसला न्हाई बघा. पर मी बसून ऱ्हायचो."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी त्या म्हाताऱ्याचा हात धरला. तू एकट्यानं शिकलास म्हणून मी पन्नास वर्षं मिरवत होतो. तू मुळी एकटा नव्हतासच. स्वतःच्या हातानं करायचं, हे तुला दुसऱ्या एका घाबरलेल्या माणसाच्या हातानं शिकवलं, आणि तू त्याची भीती आयुष्यभर झाकून ठेवलीस. माझ्यापासूनसुद्धा. तुझी वंदना, तुझं पंचशील मी पाठांतर समजत होतो. दादा, मला आता कळतंय की तू ते रोज उठून करत होतास.

आणि मग मी त्याला विचारलं. तुला विचारायला हवं होतं ते त्याला विचारलं. म्हणालो, "बाबा, माझा भाऊ मनातनं समाधानी होता का? का राग धरून बसला होता? मी एकदा त्याला तसं बोललो होतो."

"ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "मला सांगितलं व्हतं. म्हणाला, धाकट्याचं अर्धं खरं हाय. आधी राग व्हता म्हणूनच कात्री धरली. पर लोकांची डोकी हातात घेता घेता तो राग कवा गेला, माझं मलाच कळलं न्हाई."

"मग माझे केस का नाही कापले त्यानं? त्या दिवसानंतर एकदाही नाही. इतका दुखावला?"

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी अगदी साधी गोष्ट विचारली. "दुखावला? आवं, तुमच्याकडनं निघाला तो थेट माझ्याकडं आला व्हता त्या दिवशी. हसत आला. म्हणाला, गणपत, माझा भाऊ लातुरात दुकानातल्या खुर्चीवर जाऊन बसला. कुणी उठिवलं न्हाई. आता त्याला माझ्या कात्रीची काय गरज? पेढे आणले व्हते त्यानं."

दादा, मी चाळीस वर्षं तुझी माफी मागायची राहिली म्हणून कुढत होतो आणि तू माझे पेढे वाटून आला होतास. असं कुणी करतं का रे? मला एक पेढा तरी द्यायचास.